माझ्या लाल शेऱ्यातला हिरवा व्हॅनिला

"मॅडम, हा केक आहे," शाहीन म्हणाली. हातातली वास घ्यायची कागदाची पट्टी तिने लांब धरली आणि परत नाकाशी आणली. "गेल्या वेळीही केकच होता. फक्त हा कोणाच्या तरी हातून गवतावर पडलाय."

शेजारी बसलेले आमचे लॅबहेड देसाई साहेब खोकले. ते हसू दाबताना खोकतात हे लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

मी गंभीर चेहऱ्याने वहीत लिहिलं, 'गोडवा कमी करणे.' तो माझा सातवा मॉड होता. एखादा वास बनवताना त्यात बदल करून जी नवी आवृत्ती तयार होते तिला आमच्या धंद्यात मॉड म्हणतात. सातही मॉडच्या खाली माझ्या वहीत हेच वाक्य होतं.

मी परफ्युमर आहे. लोकांना वाटतं, या कामात दिवसभर फुलं हुंगायची असतात. प्रत्यक्षात आमची कंपनी साबण, अगरबत्ती, फरशी पुसायचं लिक्विड आणि अधूनमधून खरोखरचे परफ्युम यांच्यासाठी वास बनवते. पोयनाडच्या पुढे आमची लॅब आहे आणि गेली सव्वीस वर्षं मी तिथे नाकाने नोकरी करते. तुमच्या फरशीला येणारा 'लेमन फ्रेश' वास माझा असू शकतो. लिंबाचा त्यात काही संबंध नाही.

शाहीन बोर्लीची. तिच्या वडिलांनी मस्कतला अत्तराचं दुकान काढलं, आता ते तिचा भाऊ चालवतो. दुकानात सगळा ऊद आणि कस्तुरी, म्हणजे दारातून आत शिरलं की नाक खाली बसतं असे वास. शाहीन अलिबागला बँकेत होती. स्वतःचा एक परफ्युम काढायचा म्हणून तिने ती नोकरी सोडली. भाऊ म्हणाला, ईदला तुझा माल तयार असेल तर दुकानातला एक कप्पा तुझा. नसेल तर तिथे ऊद लागेल आणि परत विचारायचं नाही. दुसरी संधी तिच्याकडे नव्हती. नोकरीही नव्हती.

तिची मागणी एका ओळीची होती. व्हॅनिला हवा, पण हिरवा. गोड नको.

पहिल्याच भेटीत ती म्हणाली होती, "मॅडम, आमच्या गावाशेजारी दिवेआगरला एका वाडीत तो वास आहे. चला, मी दाखवते."

मी हसले होते. क्लायंट अडाणी आहे असं वाटलं की मी जशी हसते तशी. "शाहीन, वास दाखवायला लागत नाही. सांगितलं तरी पुरतं."

हे वाक्य मी बोलले याला देसाई साहेब साक्षीदार आहेत. ते मला अजून ऐकवतात.

मला असं का वाटलं तेही सांगते. व्हॅनिला म्हणजे एका वेलीची शेंग. तिच्या वासाचा मोठा भाग एकाच रेणूचा असतो, व्हॅनिलिन. कारखान्यात बनवलेलं व्हॅनिलिन पांढऱ्या पावडरच्या रूपात मिळतं. आईस्क्रीम, बिस्किटं, बाळाची पावडर, सगळीकडे तेच. माझ्या टेबलावर त्याचा डबा कायम उघडा असतो. सव्वीस वर्षांत माझ्या डोक्यात व्हॅनिला म्हणजे तो डबा, आणि डबा म्हणजे साखर, हे घट्ट बसलं होतं. हिरवा वास लागला तर त्याच्या वेगळ्या बाटल्या आहेत. एकीत कापलेलं गवत, एकीत मटारच्या शेंगांची सालं, एकीत काकडी. मी या दोन्हींची बेरीज करत होते. मॉड तीनमध्ये काकडीवर आईस्क्रीम आलं. मॉड पाचला देसाई साहेबांनी 'क्रिकेटच्या मैदानावरची कुल्फी' असं नाव दिलं. सहावा मी कोणाला दाखवलाच नाही.

सातव्यानंतर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"म्हात्रे, व्हॅनिला गोडच असतो. क्लायंटला समजावून सांग आणि प्रोजेक्ट बंद कर."

"एक आठवडा द्या, साहेब."

"आठवड्यात काय करणार आहेस?"

जे तोंडात आलं ते बोलले. "दिवेआगरला जाणार आहे."

जानेवारी होता. मी आणि शाहीन सकाळी गाडीने निघालो. रेवदंड्याचा पूल, मग मुरूड, मग आगरदांड्याहून जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीवर, गाडी चढवून पलीकडे दिघी. अशा कामाला निघताना आम्ही अंगाला काही लावत नाही, कांदा-लसूण खात नाही, सुगंधी साबणही वापरत नाही. हे सगळे नियम मी कसोशीने पाळले होते. मग धक्क्यावर वाळत घातलेल्या कोळंबीच्या सोड्यांच्या शेजारी पाऊण तास उभी राहिले. दिघीला उतरेपर्यंत मला स्वतःच्या हाताचाही वास सोड्यांचा यायला लागला.

वाडी बापट सरांची होती. सर हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त. शाहीन त्यांची विद्यार्थिनी. काही वर्षांपूर्वीच्या वादळात त्यांच्या निम्म्याहून जास्त सुपाऱ्या पडल्या होत्या. ज्या वाचल्या त्यांच्यावर त्यांनी व्हॅनिलाच्या वेली चढवल्या. व्हॅनिलाचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. आपल्याकडे त्याला परागकण नेऊन देणारा किडा नाही, म्हणून एकेका फुलाला हाताने काडी लावावी लागते. सत्तरीचा हा माणूस हंगामात रोज सकाळी शिडीवर चढून ते करायचा.

शाहीनने ओळख करून दिली. "सर, या म्हात्रे मॅडम. पोयनाडच्या लॅबमधल्या."

सरांनी चष्मा वर केला. "एम. एम. म्हात्रे?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

ते आत गेले आणि प्लास्टिकची फाइल घेऊन आले. फाइलमध्ये आमच्या कंपनीचा कागद होता, खाली माझी सही. त्यांनी तो वर्गात वाचावा तसा खड्या आवाजात वाचला.

"'नमुना: व्हॅनिला शेंगा. वास: कच्चा, गवताळ, हिरवट. व्हॅनिलासारखा नाही. नापसंत.' नापसंतच्या खाली तुम्ही दोन लाल रेघा मारल्यात."

शाहीनने माझ्याकडे पाहिलं. मी सुपारीच्या झाडाकडे पाहिलं.

मला आठवलं. आमच्याकडे नमुने येतात, कुरिअरने, ढिगाने. महिन्यातून एक दिवस मी ते तपासते. मागच्या वर्षी दिवेआगरहून शेंगांचं एक पाकीट आलं होतं. मी ते हुंगलं, कागद भरला, लाल रेघा मारल्या आणि जेवायला गेले. 'हिरवट' हा शब्द मी माझ्या हाताने लिहिला होता. आणि आता गेले दोन महिने तोच हिरवट वास मी बाटल्यांमधून शोधत बसले होते.

"वाईट वाटून घेऊ नका," सर म्हणाले. त्यांना वाटलं मला त्यांची दया आली आहे. "तुमचं बरोबर होतं. मी घाई केली होती. या कागदावरूनच मी अभ्यास केला. आता बघा."

त्यांनी काचेची बरणी उघडली. आत काळ्याभोर, तेलकट, लवचीक शेंगा. शेंग वेलीवरून काढली तेव्हा तिला काहीच खास वास नसतो. ती गरम पाण्यात बुडवायची, घोंगडीत गुंडाळून घाम आणायचा, रोज थोडं ऊन, परत घोंगडी, मग कित्येक आठवडे सावली. तेव्हा कुठे आपण ओळखतो तो वास तयार होतो. सरांनी यातलं एकही पाऊल चुकवलं नव्हतं. बरणीतून उत्तम, गोड, पहिल्या प्रतीचा व्हॅनिला आला. इतका चांगला माल मी परदेशाहून आलेल्या डब्यांतसुद्धा क्वचित पाहिला आहे.

"कसा आहे?" सरांनी विचारलं. निकालाच्या दिवशी मुलं जशी उभी असतात तसे ते उभे होते.

"उत्कृष्ट," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

शाहीन हळूच म्हणाली, "मॅडम, हा केक आहे."

सरांचा चेहरा पडला. मग तिनेच विचारलं, "सर, घोंगडीत काही आहे का अजून?"

होतं. शेवटच्या तोडणीच्या शेंगा पाच दिवसांपूर्वी घोंगडीत गेल्या होत्या. पडवीत एका खोक्यात ते गाठोडं होतं. सरांनी ते नाराजीने उघडलं. शेंगा तपकिरी व्हायला लागल्या होत्या, पण देठाकडे अजून हिरव्या होत्या.

मी वाकून वास घेतला.

नुकताच मोडलेला फरसबीचा देठ. त्याच्या मागे भिजलेली सुपारीची विरी, झावळीच्या बुडाचं ते रुंद साल. आणि या सगळ्याच्या तळाशी, अगदी बारीक, निरशा दुधासारखं काहीतरी. साखर न घातलेलं, न तापवलेलं. मी परत वास घेतला. मग परत. माझ्या कुठल्याही बाटलीत हे नव्हतं, आणि सात मॉडमध्ये मी याच्या आसपासही पोहोचले नव्हते. मला आनंद झाला. पाठोपाठ इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"हाच," शाहीन म्हणाली.

"हा अर्धवट आहे," सर म्हणाले. "अजून पुष्कळ काम बाकी आहे."

मला एक शंका होती. या शेंगा आज हिरव्या आहेत, पण अल्कोहोलमध्ये हा वास टिकेल का? परफ्युमसाठी शेंगा अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढतात. तेवढ्यात सुचलं. लॅबचा नियम आहे, जो नमुना येईल त्याचा थोडा अर्क काढून तो वर्षभर कपाटात ठेवायचा. नापसंत झाला तरी. मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, माझ्या खुर्चीच्या मागचं कपाट. खालचा खण. दिवेआगर, व्हॅनिला."

बराच वेळ बाटल्यांचा आवाज आला. "सापडली. लाल स्टिकर आहे."

"पट्टीवर घ्या. कसा येतोय?"

"हिरवा," साहेब म्हणाले. "चांगलाच हिरवा येतोय. तू बरोबर नापास केलं होतंस."

"वर्षभराने पण हिरवा?"

"हो, म्हणून तर..." साहेब थांबले. मग फोनवर एक लांब खोकला ऐकू आला.

आता फक्त सरांना विचारायचं बाकी होतं. कपाटातली बाटली जेमतेम एका मॉडपुरती होती. माल हवा तर घोंगडीतल्या शेंगा आजच, अशाच अवस्थेत, उचलायला हव्या होत्या. मी ते सांगितलं. सरांनी गाठोडं परत बांधायला घेतलं.

"मॅडम, मी सदतीस वर्षं मुलांना सांगत आलो, चूक दाखवून दिली की ती परत करायची नाही. तुम्ही दाखवलीत, मी सुधारली. आता तुम्हीच म्हणता ती चूकच द्या. हा माल बापटांच्या वाडीचा म्हणून जाणार. नापास माल मी माझ्या नावाने देत नाही."

"सर, चूक माझी होती," मी म्हटलं.

"कशी? कागदावर लिहिलंय ते सगळं खरं आहे. कच्चा आहे, गवताळ आहे, हिरवट आहे."

शाहीन पडवीच्या पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "सर, मागच्या वर्षी तुम्ही घोंगडी उघडलीत तेव्हा मी इथेच होते. नोकरी सोडू की नको, घरात रोज भांडण चाललं होतं. हा वास आला आणि मी ठरवलं. भाईजानच्या दुकानात गोड वास कितीतरी आहेत. हा मी कुठेच बघितला नाही, फक्त इथे. तोच मिळणार नसेल तर मग मी सोडली कशासाठी?"

सर गाठ मारायचे थांबले. मग खिशातून लाल पेन काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं.

"तुमचा पेपर आहे. तुम्ही दुरुस्त करा."

मी फाइलमधला कागद घेतला. 'नापसंत' खोडलं. 'व्हॅनिलासारखा नाही' खोडलं. उरलं काय, तर कच्चा, गवताळ, हिरवट. त्याखाली लिहिलं, 'पसंत. तपासणाऱ्याला ओळखता आला नाही.' सही केली. सरांनी ते दोनदा वाचलं, तारीख घालायला लावली आणि गाठोडं माझ्याकडे सरकवलं.

खरी फजिती पुढे आहे. शेंगा उबेत राहिल्या तर रस्त्यातच गोड व्हायला लागतील, म्हणून त्या थंड न्यायच्या होत्या. शाहीन सरांची स्कूटर घेऊन बाजारात गेली आणि थर्माकोलचा खोका आणि बर्फ घेऊन आली. मी उत्साहाने शेंगा खोक्यात भरायला घेतल्या. सहा-सात ठेवल्यावर वास आला. सुरमई. खोका मासळीवालीचा होता.

"मावशी म्हणाली, धुतलाय, वास न्हाय येत," शाहीन म्हणाली.

सव्वीस वर्षांचं नाक आणि मी सुरमईच्या खोक्यात परफ्युम भरत होते. त्या सहा-सात शेंगा बाजूला काढल्या. सरांनी फराळाचे स्टीलचे डबे आणले. पहिल्याला चकलीचा वास होता, दुसऱ्याला कडबोळ्याचा. तिसरा आणि चौथा पास झाले. शेंगा डब्यात, डब्यांची झाकणं ओल्या फडक्याने बांधलेली, डबे बर्फात, आणि खोका डिकीत. परतीच्या जंगलजेटीवर मी दर पाच मिनिटांनी डिकी उघडून हुंगत होते. शेजारच्या रिक्षावाल्याने शेवटी विचारलंच, "मासे खराब झाले काय, ताई?"

संध्याकाळी साहेब लॅबमध्ये थांबले होते. शेंगा चिरून त्याच दिवशी अल्कोहोलमध्ये पडल्या. पुढचा महिना मी रोज सकाळी झाकण उघडून आधी सुरमई शोधायची आणि मगच व्हॅनिला. सुरमई आली नाही.

आठव्या मॉडमध्ये मी नेहमीच्या सवयीने सतरा गोष्टी घातल्या आणि वास मेला. नवव्यात एकेक काढत गेले. शेवटी राहिला तो अर्क, थोडा वाळा आणि वास अंगावर टिकावा म्हणून एक लाकडी वासाचा थेंब. टेबलावरच्या डब्यातलं व्हॅनिलिन एक कणही नाही.

देसाई साहेबांनी पट्टी हुंगली. "यात तू केलंस काय?"

"फारसं काही नाही, साहेब."

"दिसतंय. बाहेर सांगू नकोस."

शाहीन आली तेव्हा मी पट्टी न देता तिच्या मनगटावर थेंब टाकला. तिने वास घेतला. हात खाली ठेवला. परत घेतला. मी वही उघडून, 'गोडवा कमी करणे' लिहायच्या तयारीत बसले होते.

"मॅडम, पेन बंद करा," ती म्हणाली. डोळे पुसायला तिने हात उचलला आणि मनगटाचा वास जाईल म्हणून दुसऱ्या हाताने पुसले.

पहिल्या बारा बाटल्या ईदच्या आठ दिवस आधी तिच्या मामेभावाच्या सामानातून मस्कतला गेल्या. भावाचा फोन आला नाही. दोन दिवस शाहीन मला दर तासाला मेसेज करत होती आणि मीही कामं सोडून उत्तरं देत होते. तिसऱ्या दिवशी त्याने कप्प्याचा फोटो पाठवला. बाटल्या समोरच लावल्या होत्या, पण त्या अकरा होत्या. शाहीनने लगेच फोन करून बारावीचं काय झालं ते विचारलं.

"ती घरी नेली," भाऊ म्हणाला. "मी लावतोय."

तीस वर्षं ऊद विकणाऱ्या माणसाने हे म्हटल्यावर कप्प्याबद्दल पुढे चर्चा झाली नाही. बाकीच्या ईदच्या आतच संपल्या आणि कप्पा तिच्याकडे राहिला.

माझ्या कामात एक बदल झाला. तपासणीच्या कागदावर वास 'कशासारखा नाही' हे मी आता लिहीत नाही. कसा आहे एवढंच लिहिते. त्याने रिपोर्ट लांबतात, साहेब कुरकुरतात आणि नमुन्यांच्या दिवशी मला जेवायला उशीर होतो.

यंदा बापट सरांनी दोन पाकिटं पाठवली. एकावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं 'बरोबर' आणि दुसऱ्यावर 'चूक'. दोन्ही तपासून लेखी कळवावं, अशी सोबत चिठ्ठी. मी दोन्ही तपासली, दोन्ही पसंत केली आणि सरांना फोन लावून म्हटलं, सर, बरोबर थोडं कमी चालेल, चूक मात्र पाच किलो तरी पाठवा.